जुना कागद, कात्री आणि कोल्हापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलाज (कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र), आर्ट जर्नल (चित्रांची वही), मिक्स मीडिया (रंग, कागद असं सगळं एकत्र वापरून केलेलं काम) करणारी मंडळी कोल्हापुरात वाढायला लागली, तसे तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले. कागद कुठून आणायचा इथपासून आजीची पत्रं कापू का इथपर्यंत. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवलेली बरी. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. ज्याचा जेवढा घोळ, तेवढी त्याला जागा.

'जुना' म्हणजे किती जुना? नेमका कोणता कागद गोळा करायचा?

वय नंतर बघा. आधी तो कागद कशासाठी छापला होता ते बघा. एकदा वापरायचा आणि टाकून द्यायचा म्हणून छापलेला कागद आपल्या कामाचा. हँडबिलं, तिकिटं, पावत्या, लेबलं, लग्नपत्रिका, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, काडेपेटीचे छाप, कापडाच्या ताग्यावर चिकटवलेली चित्रं, यंत्रं येण्याआधीची एसटीची पंच केलेली तिकिटं, रेल्वेची जाड पुठ्ठ्याची तिकिटं, इनलँड, तारा. (तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे तारेचा कागद आता नव्याने तयार होणार नाही.) जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स शंभर वर्षांपूर्वी ट्रामची तिकिटं चिकटवून चित्रं करत होता, तेव्हा तिकिटं गोळा करताना कोणी हसलं तर हसू द्या.

कोल्हापूरचा म्हणून जो माल आहे तो वेगळाच. शाहूपुरी ही पेठ १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली गेली. गुळाचा बाजार पुढे मार्केट यार्डात गेला, पण अडत्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद), वजनाच्या चिठ्ठ्या, पेढीच्या नावाची पाकिटं अजून जुन्या घरांच्या माळ्यावर निघतात. तालमींच्या वर्गणीच्या पावत्या. कुस्त्यांच्या जंगी मैदानाची हँडबिलं: गुलाबी नाहीतर पिवळा हलका कागद, हाताने जुळवलेले खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं), मधे पैलवानाचा ठिपक्याठिपक्यांचा ब्लॉक, आणि खाली इनामाची रक्कम सगळ्यात मोठ्या टायपात. इतकी चांगली रचना डिझायनरला सांगून होत नाही. फुटबॉलच्या सामन्यांचे कागदही बघा. इचलकरंजीकडची कापडाची लेबलं आणि निपाणीकडचे विडीचे छाप हे शेजारचं धन, तेही सोडू नका.

सिनेमाचं मात्र जरा थांबून. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. प्रभात १९२९ मध्ये इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्या काळातला एखादा कागद हाती लागलाच, तर तो कात्रीचा नाही, जाणकाराला दाखवण्याचा.

मिळतो कुठे?

सगळ्यात आधी स्वतःचा माळा, मग आजोळचा माळा. त्यानंतर गल्लीतलं रद्दीचं दुकान. दिवाळीआधीची साफसफाई, शाळा संपल्यानंतरचे दिवस आणि एखादा वाडा पाडायला काढलेला असतो तो काळ, या तीन वेळा साधा. वाडा पाडताना लाकूड, दारं, खिडक्या यांना गिऱ्हाईक ठरलेलं असतं. कागद शेवटी पोत्यात भरला जातो आणि त्याला कोणी विचारत नाही.

लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार भाजीसाठी जाता तसा कडेकडेने नजर टाकण्यासाठीही करा. दर रविवारी काही मिळेलच असं नाही.

माझ्या मते खरी खाण म्हणजे जुने छापखाने आणि बायंडर. ऑफसेट आलं तसे खिळे भंगारात किलोने गेले, पण कपाटाच्या वर नमुन्यांचे आल्बम राहिले. लग्नपत्रिकांचे नमुने, उरलेली लेबलं, दोन रंग एकमेकांवरून सरकलेले फर्मे (छापलेले मोठे ताव), कॅलेंडरचे न लागलेले गठ्ठे. छापखान्यात यंत्र लावताना आधीच्या कामाचाच कागद पुन्हा पुन्हा घालतात, त्यामुळे एकाच कागदावर पत्रिका, औषधाचं लेबल आणि पतसंस्थेची नोटीस अशी तीन कामं एकावर एक चढलेली सापडतात. तयार कोलाजच तो. बायंडरकडे कातरणाच्या पट्ट्या मिळतात: हिशेबाच्या वह्यांचा लेजर पेपर, क्रीमवोव्ह हा लिहिण्याचा कागद, मार्बलच्या नक्षीच्या कागदाचे तुकडे. चहा पाजलात तर पोतंभर मिळतं.

इंटरनेटवरही मिळतो. 'व्हिंटेज' शब्द लागला की भाव चढतो एवढं लक्षात ठेवा, आणि 'जुन्या कागदाचा संच' म्हणून येणाऱ्या पाकिटात बऱ्याचदा चहात बुडवलेल्या नव्या प्रिंट असतात.

रद्दीवाल्याशी भाव कसा करायचा?

वेगळं काढून "मामा, एवढंच कितीला?" असं विचारलंत की नगावर भाव सांगतात. अख्खा गठ्ठा वजनावर घ्या, नको ते घरी निवडा आणि पुढच्या वेळी परत द्या. एक-दोनदा असं झालं की तेच हाक मारतात, "ओ ताई, तुमचं ते चित्रांचं आलंय बघा." रद्दी वेचणाऱ्या मावशींकडून घेताना घासाघीस करू नये. आपण त्या कागदाचं जे करणार आहोत, त्याची किंमत त्यांच्या हिशेबात कधीच धरलेली नसते.

मोडीतले कागद कोलाजमध्ये फार सुंदर दिसतात. वापरू का?

दिसतात सुंदर. तरीही मूळ कागद कापू नका.

वाचता येत नाही म्हणून आपल्याला ती नक्षी वाटते, पण त्यात कर्जरोखा असेल, शेताच्या बांधाचं भांडण असेल, घरातल्या वाटण्या असतील. २०२३ पासून मराठा-कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांकडे अचानक रीघ लागली आणि ज्या रुमालांना (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांना) कोणी हात लावत नव्हतं, त्यांत लोक पणजोबांची नावं शोधू लागले. तुमच्या कॅनव्हासच्या कोपऱ्यात चिकटलेला चार बोटांचा तुकडा कुणाच्या तरी घराण्याचा पुरावा असू शकतो. नसेलही. पण वाचल्याशिवाय कळणार नाही, आणि कापल्यावर वाचून उपयोग नाही.

शिवाय हा कागद स्वतःच दुर्मीळ. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला, घोटून गुळगुळीत केलेला. जुन्नरसारख्या गावांत त्याचे कारखाने होते. दोनशे वर्षांचा असा कागद आजही लवचिक असतो आणि परवाचं वर्तमानपत्र मोडतं.

मग करायचं काय? स्कॅन करा. सहाशे डीपीआयवर, दोन्ही बाजू, कडांसकट. छाप पातळ हातकागदावर काढा आणि तो मनसोक्त फाडा. मूळ कागद वाचून घ्या. कोल्हापुरात पुरालेखागार आहे आणि मोडीचे जाणकार या शहरात शोधावे लागत नाहीत. हिशेबाच्या वह्यांत मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती, त्यामुळे किराणा दुकानाची खतावणी आणि वतनाचा कागद यांत फरक आहे हे मान्य. तो फरक ओळखण्यासाठीसुद्धा आधी वाचावंच लागतं.

सगळ्याच कागदांना लागू पडणारा माझा नियम असा: एकाच्या शंभर प्रती निघाल्या असतील तर कापा, एकच असेल तर स्कॅन करा. छापील लेबलांचा गठ्ठा मिळाला, कापा. हाताने लिहिलेलं काहीही असो, आधी स्कॅन.

कागद पिवळा का पडतो? हात लावला की तुकडे का होतात?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून व्हायला लागला. लाकडात लिग्निन असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं, मग तपकिरी होतं. त्यात शाई फुटू नये म्हणून कागदाला तुरटी आणि राळ यांचं पाणी देत. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत राहतं. वर्तमानपत्राच्या कागदात हे दोन्ही दोष ठासून भरलेले.

आम्ल शेजाऱ्यालाही लागतं. चांगल्या पत्रिकेवर वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलंत तर काही वर्षांनी पत्रिकेवर कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटतो. म्हणून वर्तमानपत्रं वेगळी ठेवा. कामात वापरायचीच असतील तर दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक मॅट मीडियम (वाळल्यावर पारदर्शक होणारं, चकाकी नसलेलं चिकट द्रव्य) लावून बंद करा. पिवळेपणा थांबत नाही, पण शेजार वाचतो.

चहाचं पाणी लावून नवा कागद जुना करावा का?

चालतं, पण मला पटत नाही. चहाने तपकिरी रंग येतो आणि वर आम्लही जातं. जुन्या कागदाची खरी खूण रंगात नसतेच. ती घडीवर, टाचणीच्या गंजलेल्या भोकात, मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेल्या बेरजेत असते. ते चहाने कसं आणणार?

आमच्याकडे पावसाळ्यात सगळं सादळतं. कसर आणि बुरशीचं काय करायचं?

कोल्हापुरात हा छंद करायचा तर जून ते सप्टेंबर हे चार महिने धरूनच करावा लागतो. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. त्यामुळे पावसाळ्यात नवा गठ्ठा घरात आणायचा असेल तर थेट साठ्यात मिसळू नका. काही आठवडे वेगळ्या खोक्यात ठेवा. खाली पांढरा कागद अंथरा. त्यावर भुसा, बारीक विष्ठा, चंदेरी कसर दिसली तर आत पाहुणे आहेत.

किडीवर सगळ्यात चांगला उपाय थंडीचा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांखाली दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कागदावर दव धरतं. आइस्क्रीमशेजारी रद्दी ठेवल्यावर घरात काय बोलणी बसतात ते ज्याने त्याने बघावं.

डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नयेत, आणि झोपायच्या खोलीत तर मुळीच नकोत. वेखंड, कडुनिंबाचा पाला यांचा थोडा उपयोग होतो, पण पाला पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण.

बुरशी दिसली तर पुसू नका, ती आणखी पसरते. मास्क लावा, कागद वाऱ्याच्या जागी सावलीत वाळवा आणि पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने घराबाहेर झटका. कडक उन्हात वाळवलेला कागद वाकतो आणि रंग उडवून बसतो. जुन्या कचेऱ्यांच्या गठ्ठ्यांत पांढरी पावडर दिसली तर ती कीटकनाशकाची असू शकते. ते गठ्ठे लहान मुलांपासून लांब ठेवा आणि हातमोजे घाला.

पुरात भिजलेला कागद वाचवता येतो का?

२००५, २०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न कोल्हापुरात नेहमी येतो. पहिले दोन दिवस महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. ओले कागद ओढून सुटे करू नका. चळत थोडी थोडी करून मधे टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घाला, बदलत राहा, पंखा लावा. एवढं करायला वेळ नसेल तर पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका आणि सवडीने काढा. चकचकीत आर्ट पेपर वाळला की एकमेकांना कायमचा चिकटतो, म्हणून तो आधी हाताळा. पुराच्या पाण्यात गटाराचंही पाणी असतं, तेव्हा हातमोजे हवेतच. पुराच्या गाळाचे डाग पडलेला, वाचण्यापलीकडे गेलेला छापील कागद कलाकामाला उत्तम. असा पोत रंगाने काढता येत नाही.

चिकटवायचं कशाने? फेव्हिकॉल चालतो का?

चालतो, पण दोन गोष्टी समजून. तो वाळला की परत सुटत नाही, आणि घट्ट लावला तर पातळ कागद सुरकुततो. निम्मं पाणी घालून, ब्रशने आधी खालच्या पुठ्ठ्याला लावा. पातळ कागद वरून अलगद टाका आणि मधून कडेकडे हवा काढत जा. सुरकुती पडली तर नखाने घासू नका, वर बटर पेपर ठेवून रूळ फिरवा.

पुठ्ठा वाकतो अशी तक्रार सगळ्यांची असते. एका बाजूला ओला कागद लावला की तो आकसताना पुठ्ठ्याला ओढतो. मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद लावा, ओढ सारखी होते. बायंडर पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून अस्तर लावतात त्याचा हाही एक फायदा.

जुन्या, मोलाच्या कागदासाठी मैद्याची खळ उत्तम, कारण पाण्याने ती परत सुटते. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची आणि गाळून घ्यायची. दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. बायंडर तिच्यात मोरचूद घालतात, म्हणजे किडे लागत नाहीत. तुम्ही घालू नका. ते विषारी आहे, आणि तांब्यामुळे कागद उलट लवकर खराब होतो. लवंगाच्या तेलाचे दोन थेंब पुरे.

रंगाचे थर, जेसो (रंगाआधी लावायचा पांढरा लेप), पुन्हा कागद असं काम असेल तर ॲक्रिलिक मॅट मीडियम सगळ्यात भरवशाचं. आणि सेलोटेप कधीही नाही. त्याचा चिकट थर पिवळा होऊन कागदात उतरतो, मग तो निघता निघत नाही.

मीडियम लावताच शाई फुटली. आधी कसं ओळखायचं?

न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाची ओली काडी टेकवा आणि वर टिपकागद दाबा. रंग उतरला तर ती शाई फुटणार. खिळ्यांची छपाई तेलाच्या शाईची असते, ती सहसा हलत नाही. फाउंटन पेनची निळी शाई आणि रबरी शिक्क्याची जांभळी शाई हमखास पसरते. जुन्या पावत्यांवर पेन्सिलीसारखं दिसणारं करडं लिखाण असतं, त्याला पाणी लागताच ते गर्द जांभळं होतं. ती कॉपिंग पेन्सिल. काही जण मुद्दाम तिचाच वापर करतात आणि परिणाम झकास येतो, पण तो योगायोगाने झालेला नसावा. शाई टिकवायची असेल तर आधी फिक्सेटिव्हचे (रंग धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे) दोन हलके फवारे द्या.

झेरॉक्स वापरली तर काम 'खोटं' ठरतं का?

नाही. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या, तिची पावडर पाण्याने फुटत नाही. घरच्या इंकजेटची फुटते. जेल मीडियमने (घट्ट ॲक्रिलिक मीडियमने) छाप उतरवायचा असेल तर प्रिंट उलटी काढा, नाहीतर अक्षरं आरशातली दिसतील.

देवांची कॅलेंडरं, जुनी तसबीर कापली तर लोक नाराज होतात. काय करावं?

होतात, आणि त्यांचं चूक नाही. पंचगंगेच्या किंवा रंकाळ्याच्या काठी झाडाखाली ठेवलेल्या तसबिरी उचलून आणू नयेत. कुणीतरी त्या हात जोडून तिथे ठेवलेल्या असतात. छापखान्यातून आलेल्या, पूजेत कधीच न गेलेल्या प्रती वापरता येतात. मी चेहऱ्यावर कात्री चालवत नाही. महिरप, कमळं, ढग, प्रभावळ, पडदे घेतो आणि त्यातही भरपूर काही मिळतं. उर्दू-फारसी किंवा अरबी मजकूर असलेला कागद वाचता येत नसेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय वापरायचा नाही, तो धर्मग्रंथाचा असू शकतो.

जुन्या नोटा आणि स्टँप पेपर?

चलनातल्या नोटा कापू नका. २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी मर्यादा पंचवीसची. लिहून झालेला, रद्द झालेला स्टँप पेपर चालेल, पण आधी तो कुणाच्या मालमत्तेचा नाही ना ते वाचा. कोरा जुना स्टँप पेपर कितीही देखणा असला तरी विकत घेऊ नका. मागच्या तारखेचे करार करायला लोक तो शोधत असतात, आणि त्या व्यवहारात आपलं नाव नको.

सिनेमाच्या पोस्टरवरून काम केलं आणि विकलं तर कॉपीराइटचा प्रश्न येतो का?

येऊ शकतो. भारतात चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चित्रकार अज्ञात असेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं, फोटो आणि चित्रपटालाही प्रसिद्धीपासून ६० वर्षं. मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०१५ पासून सगळ्यांसाठी खुली झाली. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पोस्टरचं तसं नाही. घरातल्या भिंतीसाठी काय करायचं ते करा, प्रिंट काढून विकायच्या असतील तर विचारून घ्या.

परदेशातल्या मैत्रिणीला जुन्या कागदांचं पाकीट पाठवू का?

लेबलं, तिकिटं, अलीकडच्या पत्रिका पाठवा. पण ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा कलात्मक मोल असलेली हस्तलिखितं आणि दस्तऐवज ७५ वर्षांपेक्षा जुने असतील, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ते पुरावस्तू ठरतात आणि खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. संस्थानकाळातलं काहीही टपालात टाकू नका.

रद्दीत कुणाची तरी पत्रं आणि फोटो सापडले. वापरले तर चालतील?

नाव, गाव, पत्ता दिसत असेल आणि माणसं शोधता येण्यासारखी असतील, तर आधी शोधा. कोल्हापुरात दोन फोनमध्ये आडनावापासून घरापर्यंत पोचता येतं. पुष्कळदा घरच्यांनीच टाकलेलं असतं आणि "घ्या की, आम्हाला काय करायचंय" असं उत्तर येतं. कधीकधी माणूस धावत येतो. कोणी सापडलं नाही तर नावं आणि चेहरे झाकून वापरा. आजारपण, कर्ज, घरातली भांडणं असा मजकूर असेल तर तो दिसू देऊ नका.

साठा ठेवायचा कशात?

आडवा, सपाट, पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. टाचण्या, स्टेपल, रबरबँड आधी काढा. प्लास्टिकच्या बंद डब्यात दमट कागद ठेवू नका. प्रत्येक पाकिटावर कुठून मिळाला आणि कधी मिळाला एवढं पेन्सिलीने लिहा. रंगानुसार लावणाऱ्यांची कपाटं दिसतात छान, पण मी जागेनुसार लावतो: छापखाना, बाजार, अमुक वाडा. काम करताना एका घरचे कागद एकमेकांशेजारी बसले की त्यांचं जमतं.

तयार काम फ्रेम करताना काय सांगायचं?

काच कागदाला टेकू द्यायची नाही, मधे माउंट हवाच. मागे हार्डबोर्ड थेट लावायचा नाही, मधे आम्लमुक्त कागद घालायला सांगा. समोर ऊन येणारी भिंत टाळा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगायचं असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून वारा खेळतो.

आजोबांच्या दुकानाच्या वह्या आहेत. कोणाला द्यायच्या असतील तर?

आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. वह्यांची पहिली आणि शेवटची पानं, शिक्के, नावं यांचे फोटो काढा. एखाद्या पेढीचा सलग अनेक वर्षांचा हिशेब असेल तर तो कलाकाराला देऊ नका. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला, विद्यापीठाला किंवा पुरालेखागाराला विचारा. गुळाचे भाव, हमाली, व्याजाचे दर यांची अशी सलग नोंद दुसरीकडे मिळत नाही. सुट्या, पानं गळालेल्या, वाळवीने निम्म्या खाल्लेल्या वह्या आणि कोऱ्या राहिलेल्या लेजरची पानं मात्र खुशाल द्या. तो कागद हातात घेऊन काम करायला आम्ही सगळे टपलेलेच असतो.